अवकाळी पाऊस आणि परतलेली थंडी : वाचकांच्या शंका, आमची उत्तरे

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत. पावसाळा अपुरा गेला, रब्बीची पेरणी जेमतेम ओलीवर झाली, पुढे दोन-अडीच महिने आभाळ कोरडेच राहिले आणि फाल्गुनाच्या तोंडावर एक-दोन सरी पडून पाठोपाठ कडाक्याची थंडी परतली, असे निरनिराळ्या जिल्ह्यांतील वाचकांनी कळवले आहे. किती मिलिमीटर पाऊस पडला याचे आकडे प्रत्येकाने आवर्जून दिले आहेत. परंतु अशा वेळी नुकसान किती होणार हे त्या आकड्यापेक्षा जमीन आधी किती कोरडी होती आणि पीक कोणत्या अवस्थेत होते यावर अधिक अवलंबून असते. त्यामुळे पुढील उत्तरांत आम्ही याच दोन गोष्टींवर भर दिला आहे.

प्रश्न : परतीच्या पावसानंतर आमच्याकडे थेंब नव्हता. आता पाऊस आला, त्याआधी दोन रात्री चक्क उकडत होते. थंडी संपली असे वाटले, तर पाऊस उघडल्यावर पहाटे हुडहुडी भरली. पाऊस थंडी घेऊन येतो काय? आणि कोरड्या वर्षी ती जास्त जाणवते का?
— एक वाचक, अंबाजोगाई

आपले निरीक्षण अचूक आहे. आधीचा उकाडा, मधला पाऊस आणि नंतरची थंडी या तिन्ही गोष्टी एकाच घटनेचे टप्पे आहेत. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या परिसरातून पूर्वेकडे सरकणाऱ्या वाऱ्यांच्या आवर्तांना पश्चिमी चक्रावात म्हणतात. इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून ते हिमालयाला भिडतात आणि तेथे बर्फ, तर पंजाब-हरियाणाच्या मैदानात गव्हाला उपकारक असा पाऊस देतात. एरवी ते आपल्या पुष्कळ उत्तरेकडून निघून जातात आणि महाराष्ट्राला फार तर विरळ ढग दिसतात. मात्र एखाद्या चक्रावाताचा पट्टा दक्षिणेकडे राजस्थान-गुजरातपर्यंत झुकला, की त्याच्या पुढच्या बाजूला आपल्याकडे दक्षिणेचे वारे सुरू होतात आणि अरबी समुद्रावरची बाष्पयुक्त हवा आत ओढली जाते. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेचे दमट वारे विदर्भ-मराठवाड्यात येत असतील, तर दोन्ही प्रवाह जेथे भिडतात तेथे गडगडाटी ढग उभे राहतात आणि वरच्या थरातील हवा अतिथंड असल्याने गाराही पडतात. 2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत असे चक्रावात एकामागून एक येत राहिले आणि मराठवाडा, विदर्भ व मध्य महाराष्ट्रात काढणीला आलेली पिके गारांखाली गेली. ते दिवस आपल्याकडील शेतकरी अजून विसरलेले नाहीत.

पावसाआधीच्या दोन रात्री उकडण्याची कारणे दोन. वारा दक्षिणेचा असतो आणि वर ढगांची गोधडी असल्याने जमिनीची ऊब बाहेर पडू शकत नाही. चक्रावात पूर्वेकडे सरकला की त्याच्या मागच्या बाजूने उत्तरेचे आणि वायव्येचे कोरडे, थंड वारे खाली उतरतात. आभाळ निरभ्र होते, सायंकाळनंतर वारा पडतो आणि जमीन दिवसा मिळालेली उष्णता रात्रभर आकाशात सोडत राहते. म्हणून पाऊस थंडी घेऊन येत नाही. ज्या यंत्रणेने पाऊस दिला तिच्या मागोमाग थंडी येते. किंबहुना आपल्याकडे पाऊस झालाच नाही आणि तो केवळ उत्तरेत पडला, तरीही ही थंडी आपल्यापर्यंत पोहोचू शकते. 7 फेब्रुवारी 2019 रोजी दिल्ली-नोएडा परिसरात गारांचा खच पडला होता. त्याच चक्रावातामागून आलेल्या वाऱ्यांमुळे दोन दिवसांनी, 9 फेब्रुवारीला, पुण्यात किमान तापमान 5 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरले आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दव गोठले.

कोरड्या वर्षाविषयीची आपली शंकाही रास्त आहे. कोरड्या, भुसभुशीत मातीच्या कणांमध्ये हवा भरलेली असते आणि हवा उष्णतेची मंद वाहक आहे. त्यामुळे दिवसाची उष्णता वरच्या काही सेंटिमीटरांतच राहते आणि सूर्य मावळताच झपाट्याने निघून जाते. ओल्या जमिनीत ती खोलवर झिरपते आणि रात्रभर हळूहळू वर येत राहते. शिवाय कोरड्या हवेत बाष्प कमी असल्याने जमिनीची उष्णता अडवणारे वर फारसे काही उरत नाही. 2019 ची थंडी आली तेव्हाही आदल्या पावसाळ्यातील तुटीमुळे राज्य शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केलेला होता, हे या संदर्भात लक्षात घ्यावे. थंडी आली ती उत्तरेच्या वाऱ्यांमुळेच, परंतु उघड्या, सुकलेल्या रानांत ती अधिक बोचली असणार.

एक गोष्ट सांगून ठेवतो. वर्तमानपत्रांत थोडा गारवा वाढला तरी ‘थंडीची लाट’ असे छापले जाते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली असावे लागते आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी कमी असेल तर ती थंडीची लाट, त्याहून अधिक फरक असेल तर तीव्र लाट. मराठवाड्यात फेब्रुवारीच्या अखेरीस 12 अंश तापमान बोचरे वाटले, तरी या निकषात ते बसत नाही.

प्रश्न : वर्तमानपत्रात आमच्या तालुक्याचे किमान तापमान 6.5 अंश छापले होते, पण त्याच पहाटे शेतातील गवतावर आणि ठिबकच्या नळ्यांवर पांढरा थर गोठलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला. शून्याच्या इतके वर असताना पाणी गोठते कसे? आकडा चुकीचा की आमचे पाहणे?
— एक द्राक्ष बागाईतदार, ता. निफाड

दोन्ही बरोबर आहेत. वेधशाळेतील तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो आणि आपण वाचता तो आकडा त्या उंचीवरील हवेचा असतो. वारा पूर्ण पडलेल्या, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा त्याहून कित्येक अंशांनी थंड असते, कारण उष्णता आकाशात सोडण्याचे काम जमीन, गवताची पाती आणि प्लास्टिकची नळी यांच्या पृष्ठभागावरून होत असते. पाते स्वतः सभोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. त्यात थंड हवा जड असल्याने उतारावरून ओघळून सखल भागात साचते. महाबळेश्वरला गावात तापमापक शून्याच्या बराच वर असताना वेण्णा तलावाच्या खोलगट परिसरात दव गोठलेले आढळते, त्याचे कारण हेच. नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या डोंगरी भागात, तोरणमाळ आणि डाब या बाजूला, असा थर हिवाळ्यात अनेकदा दिसतो.

आपल्या शेतातही ओढ्याकाठचा, खालच्या अंगाचा तुकडा आधी आणि जास्त गारठतो, हे आपल्याला ठाऊक असेलच. रोपवाटिका तेथे टाकू नये. वेलवर्गीय भाज्यांची आणि टोमॅटोची कोवळी रोपे असतील तर सायंकाळी पातळ कापड किंवा क्रॉप कव्हर अंथरावे आणि सकाळी ऊन आल्यावर काढावे. रात्री उशिरा किंवा पहाटे विहिरीचे पाणी हलके दिले तर उपयोग होतो, कारण ते पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन उष्णता धरून ठेवते. परंतु यंदा विहिरींनी तळ गाठलेला असताना सगळ्या रानाला असे पाणी देणे परवडणारे नाही. ते रोपांपुरते आणि नव्या लागवडीपुरतेच ठेवावे. पालापाचोळा पेटवून धूर करण्याचा सल्ला जागोजागी दिला जातो. आमच्या मते त्यावर फार विसंबू नये. शेकोट्यांच्या उष्णतेने हवा थोडीफार ढवळली जाते एवढाच लाभ. धुराचे कण जमिनीतून निघणारी उष्णता ढगांसारखी अडवू शकत नाहीत. दुष्काळी वर्षात तो पालापाचोळा आच्छादन म्हणून जमिनीवर राहिला तर अधिक मोलाचा ठरेल.

प्रश्न : बारा मिलिमीटर पाऊस झाला. कोरडवाहू मालदांडी ज्वारी दाणे भरून कणसे वाळण्याच्या बेतात आहे. या पावसाने ओल धरली असे समजावे का? शेजारी म्हणतात, ज्वारीला फायदाच होईल.
— एक वाचक, ता. मंगळवेढा

आधी हिशेब पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर. बारा मिलिमीटरचे एकरी जवळपास अठ्ठेचाळीस हजार लिटर होतात. आकडा मोठा वाटतो, परंतु पार सुकलेल्या भारी काळ्या जमिनीत हे पाणी वरच्या अडीच-तीन इंचांतच संपते. ज्वारीची कामाची मुळे त्याच्या कितीतरी खाली, दोन-तीन फुटांवर उरलेली ओल शोधत असतात. त्यात भर म्हणजे या दिवसांत वरच्या थरातील ओल दोन-तीन दिवसांत उडून जाते. काळ्या रानाला भेगा पडलेल्या असतील तर काही पाणी त्यांतून खोल जाते, पण ते सर्व रानाला सारखे पोहोचत नाही. खात्री करण्याचा साधा मार्ग म्हणजे खुरप्याने वीतभर खड्डा घेऊन तळाची मूठभर माती दाबून पाहावी. तिचा लाडू वळला नाही, ती चुरा होऊन गळून पडली, तर पाऊस तेथवर गेलेलाच नाही.

आपल्या पिकाच्या दृष्टीने आता ओलीचा प्रश्नच राहिलेला नाही. दाणे भरून झाले असल्यास या पावसाचा फायदा शून्य आणि धोका मात्र खरा आहे. भिजलेल्या कणसावर बुरशी वाढून दाणा काळवंडतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिला भाव मिळतो तो मोत्यासारख्या पांढऱ्या दाण्यामुळे. तो काळा पडला की सगळा फायदा निघून जातो. दुसरे नुकसान कडब्याचे आणि दुष्काळी वर्षात आम्ही त्याला दाण्याइतकेच महत्त्व देतो. उभी ज्वारी भिजली तर ऊन-वाऱ्याने सुकते, परंतु काढून पसरलेला किंवा पेंढ्या बांधून ठेवलेला कडबा भिजला तर तो आतून काळा पडतो, त्याला कुबट वास येतो आणि जनावरे तोंड फिरवतात. म्हणून पुढील चार-पाच दिवस आकाश निरभ्र राहणार असल्याचा अंदाज असेल तेव्हाच काढणीला हात घालावा. भिजलेल्या पेंढ्या सोडून उभ्या कराव्यात आणि पूर्ण खडखडीत वाळल्याशिवाय गंजी रचू नये. गंजीवर ताडपत्री टाकताना ती फक्त माथ्यावर टाकावी; बाजू मोकळ्या ठेवल्या नाहीत तर आतली वाफ कोंडते.

ज्यांची ज्वारी उशिराची असून अजून दाणा भरत आहे, त्यांना मात्र या पावसाने चार दिवसांचा दिलासा दिला आहे. वाफसा येताच (जमीन पाय न रुतण्याइतकी सुकताच) एक कोळपणी, म्हणजे उथळ मशागत, देऊन वरची खपली मोडली तर ती ओल थोडी अधिक टिकेल.

प्रश्न : चारा नसल्याने कापून नेलेल्या ज्वारीच्या रानात जनावरे सोडतो. पावसानंतर धसकटांना हिरवे फुटवे आले आहेत. म्हातारी माणसे तेथे गुरे नेऊ नका म्हणतात. एवढा हिरवा चारा वाया घालवायचा का?
— एक पशुपालक, ता. आटपाडी

म्हाताऱ्या माणसांचे ऐकावे. या अंकातील सर्व उत्तरांपैकी हे उत्तर आपण आपल्या वस्तीवर वाचून दाखवावे अशी आमची विनंती आहे.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचे द्रव्य असते. जनावराने ते पान चावले, की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचे विष, मोकळे होते. आपल्याकडे याला किराळ लागणे म्हणतात. वाढलेल्या, फुलोऱ्यात आलेल्या ज्वारीत त्याचे प्रमाण कमी असते, तर पाण्याच्या ताणात खुरटलेल्या पिकात आणि त्यानंतर पाऊस पडून फुटलेल्या कोवळ्या फुटव्यांत ते सर्वांत जास्त असते. कोरडेपणा आणि त्यावर पाऊस, ही यंदा घडलेली गोष्ट म्हणजे या विषाला पोषक परिस्थितीच आहे. त्यावर थंडीचा कडाका येऊन पाने करपली असतील तर धोका आणखी वाढतो, कारण गारठ्याने पानांतील पेशी फुटतात आणि विष चावण्याआधीच मोकळे होऊ लागते. मका आणि बाजरीच्या हिरव्या फुटव्यांत हा धोका ज्वारीसारखा नसतो.

विषबाधा झाल्याचे कळेपर्यंत अनेकदा उशीर होतो. रानात सोडल्यापासून काही मिनिटांत ते तासाभरात जनावराच्या तोंडाला लाळ सुटते, श्वास जोराने चालू लागतो, चाल अडखळते, ते खाली बसते व पाय झाडते. डोळ्यांच्या आतील आणि हिरड्यांवरील त्वचा फिकी पडण्याऐवजी लालभडक दिसते, ही या विषबाधेची खूण आहे, कारण रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही. अशा वेळी गूळ-पाणी किंवा ताक पाजत बसू नये; धापा टाकणाऱ्या जनावराला पाजलेले द्रव श्वासनलिकेत उतरून ते तसेच दगावू शकते. सर्व जनावरे लगेच त्या रानातून बाहेर काढावीत आणि पशुवैद्यकाला फोनवरच ‘ज्वारीचे फुटवे खाल्ले आहेत’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे ते शिरेतून द्यावयाची सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधे सोबत घेऊन निघतील. वेळेत इंजेक्शन मिळाले तर जनावर उठून उभे राहते.

चारा वाया घालवायचा का, या प्रश्नाचे उत्तर असे की, तो आत्ता वापरायचा नाही. फुटवे वाढून फुलोऱ्यावर येऊ द्यावेत. तोवर पाणी मिळाले नाही आणि ते खुरटले, तर हिरवे मुळीच देऊ नयेत. कापून उन्हात पूर्ण वाळवल्यावर विष बरेच कमी होते, तरीही तो चारा कडब्यात थोडा थोडा मिसळूनच द्यावा. गुरे उपाशीपोटी कोणत्याही ज्वारीच्या रानात सोडू नयेत.

थंडीबाबतही दोन शब्द लिहितो, कारण आपल्या तालुक्यात मेंढपाळ पुष्कळ आहेत. डिसेंबर 2021 च्या प्रारंभी अवकाळी पाऊस आणि गारठा एकत्र आला, तेव्हा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत उघड्यावर बसवलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. कोरडी लोकर मेंढीला थंडीपासून वाचवते. भिजलेली लोकर आणि वारा यांनी तिच्या अंगातील ऊब काही तासांत निघून जाते, आणि दुष्काळात आधीच अशक्त झालेली मेंढी ते सोसू शकत नाही. पावसाचा इशारा असताना लोकर कातरू नये. कळप उंच, निचऱ्याच्या जागी बसवावा, उत्तर-पश्चिमेला ताडपत्रीचा आडोसा करावा आणि रात्रीच्या वेळी सुका चारा घालावा, कारण तो पचताना पोटात उष्णता निर्माण होते.

प्रश्न : थॉमसन जातीच्या द्राक्षाची बाग काढणीला दहा दिवस बाकी आहेत. पाण्याअभावी वेल ताणावर होते. अर्धा तास पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी मण्यांना तडे दिसू लागले. एवढ्याशा पावसाने असे कसे होते? आता थंडीही वाढली आहे, काय करावे?
— एक वाचक, ता. दिंडोरी

मण्यात पाणी उतरल्यानंतर त्यात साखर वाढत जाते आणि साखरेचा गोड रस बाहेरचे पाणी आत ओढतो. ते पाणी दोन वाटांनी येते : मुळांतून वेलीमार्फत आणि थेट मण्याच्या ओल्या सालीतून. बागेला नियमित पाणी असते तेव्हा मणी आधीच भरलेला असतो आणि सालही त्या दाबाला सरावलेली असते. ताणावरच्या बागेत मणी काहीसा सैल असतो, साल वाढायची थांबलेली असते, आणि अचानक पाणी मिळाल्यावर आतला गर जितका फुगतो तितकी साल ताणू शकत नाही. म्हणून पाऊस किती वेळ पडला यापेक्षा घडात पाणी किती तास साचून राहिले हे महत्त्वाचे. दाट घडात मधल्या मण्यांभोवती ते दुपारपर्यंत राहते आणि तडे बहुधा तेथूनच सुरू होतात.

आता करण्याच्या गोष्टी. पाऊस थांबताच तारा हळुवार हलवून किंवा ब्लोअरने औषधाशिवाय नुसती हवा मारून घड कोरडे करावेत. ही संधी पहिल्या काही तासांचीच असते. तडकलेले मणी कात्रीने काढून बागेबाहेर न्यावेत. त्यांतून गळणाऱ्या रसावर बुरशी आणि माश्या येतात आणि शेजारचे चांगले मणीही सडू लागतात. ताण तोडायचा म्हणून लगेच भरपूर पाणी सोडू नये. थोडे थोडे, रोज सारखे द्यावे. पुन्हा पावसाचा अंदाज असेल आणि गोडी समाधानकारक असेल तर त्याआधीच काढणी करण्याचा विचार करावा.

फवारणीबाबत आम्ही कडक बोलतो. काढणी दहा दिवसांवर असताना घाबरून बुरशीनाशक मारणारे पुष्कळ असतात. प्रत्येक औषधाला शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये ठेवायचे दिवस ठरलेले आहेत, आणि उर्वरित अंश मर्यादेबाहेर गेल्यास निर्यातीचा माल नाकारला जातो. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्याशिवाय या टप्प्यावर एकही फवारणी करू नये. देशी बाजारात विकायचा माल असला तरी तो खाणारी माणसेच आहेत.

थंडीचा थॉमसनवरचा परिणाम निराळा आहे. पहाटे तापमान 10 अंशांखाली आणि दुपारी 30 च्या आसपास, अशी तफावत राहिली तर हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते, तिला बागाईतदार पिंक बेरी म्हणतात. चव बिघडत नाही, पण हिरव्या द्राक्षाच्या बाजारात माल उतरतो. एकदा चढलेला रंग परत जात नाही, म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद लावण्याचे काम थंडी येण्यापूर्वी झालेले असावे लागते. पावसात भिजलेले कागद मात्र त्याच दिवशी काढावेत. ते घडाला चिकटून राहिले तर ओल धरतात.

बेदाणा करणाऱ्या तासगावच्या एका वाचकाने शेडमधील माल काळपट पडत असल्याचे कळवले आहे. दमट हवेत मणी सावकाश सुकतो आणि जितका सावकाश सुकतो तितका काळवंडतो. पाऊस असेतो शेडचे पडदे खाली ठेवावेत, उघडीप होताच वर करून पंखे लावावेत, आणि नवा माल रॅकवर टाकणे दोन दिवस थांबवावे.

प्रश्न : उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबरअखेरची आहे. थंडी पुन्हा वाढल्याने डेंगळे (फुलांचे दांडे) येतील अशी भीती वाटते.
— एक वाचक, ता. सिन्नर

चार दिवसांच्या थंडीने सहसा डेंगळे येत नाहीत. त्यासाठी रोप पुरेसे जाड झालेले असताना काही आठवडे सलग गारवा मिळावा लागतो. आज जे डेंगळे दिसतात ते जानेवारीच्या थंडीचे, जाड किंवा जुन्या रोपांच्या लागवडीचे, किंवा बियाण्याचे फळ आहे. ते मोडून काढावेत आणि असे कांदे चाळीत न टाकता आधी विकावेत, कारण मधला दांडा सडून ते टिकत नाहीत. आपल्या पिकाला खरा धोका ओल्या पातीवरच्या जांभळ्या करप्याचा आहे. पाऊस झाल्यावर निरभ्र रात्री पडणारे दाट दव पात सकाळी उशिरापर्यंत ओली ठेवते आणि बुरशीला तेवढे पुरते. तुषार सिंचन असेल तर ते काही दिवस बंद ठेवावे. ताणानंतर एकदम भरपूर पाणी दिल्याने कांदे फुटतात, जोडही निघतात. पाण्याची पाळी हलकी ठेवावी. ज्यांच्या रांगड्या, म्हणजे उशिराच्या खरिपातील, कांद्याच्या माना पडल्या आहेत त्यांनी रान वाफशावर येताच काढणी उरकावी. ओल्या जमिनीत राहिलेला पक्व कांदा पुन्हा मुळ्या सोडतो.

प्रश्न : गहू चिकात आहे, म्हणजे दाण्यात दुधासारखा चीक भरतो आहे, आणि हरभरा कापून रानात पडला आहे. दोन्हीला हा पाऊस वाईटच ना? नुकसान झाल्यास मदतीसाठी काय करावे?
— एक वाचक, ता. चाळीसगाव

गव्हाला नाही. वाऱ्याने लोळला नसेल तर चिकातल्या गव्हाला पाऊस आणि नंतरची थंडी या दोन्ही गोष्टी लाभदायकच आहेत. गारव्यामुळे दाणा भरण्याचे दिवस वाढतात आणि दाणा टपोरा होतो. फेब्रुवारीतील अकाली उन्हाने तो चिमतो. फक्त ओंब्या जड असताना वारा वाहत असेल तर पाणी देऊ नये. हरभऱ्याचे ढीग मात्र तातडीने उलटावेत, पसरून वाळवावेत आणि ओला माल मळणीयंत्रात घालू नये. ओला दाणा पोत्यात भरला की काळा पडतो.

नुकसानीबाबत आपण विचारले आहे. शासकीय मदतीसाठी पिकाचे किमान 33 टक्के नुकसान झाल्याची नोंद पंचनाम्यात व्हावी लागते. ही मर्यादा पूर्वी 50 टक्के होती, ती 2015 मध्ये खाली आणली गेली. म्हणून ढीग हलवण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे काढून तलाठी आणि कृषी सहायक यांना लेखी कळवावे. विमा असल्यास कळवण्याची मुदत आणि कोणते नुकसान ग्राह्य आहे, हे चालू हंगामाच्या अटींत पाहावे. या अटी बदलत असतात.

प्रश्न : हापूसला पहिल्या मोहोराची फळे वाटाण्याएवढी झाली होती. पाऊस शिंपडून गेला, मग थंडी वाढली, आणि आता त्याच फांद्यांवर पुन्हा मोहोर येत आहे. भरपूर मोहोर म्हणजे भरपूर आंबा असे घरात सर्वांना वाटते. मला मात्र भीती वाटते.
— एक बागाईतदार, ता. देवगड

आपली भीती योग्य आहे. फळधारणा झालेल्या फांदीवर थंडीमुळे पुन्हा मोहोर आला की झाडातील अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि आधीची वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळे गळून पडतात. जी फळे मार्च-एप्रिलमध्ये चांगल्या भावाने गेली असती ती जातात. उशिराच्या मोहोराचा आंबा तयार होईपर्यंत पावसाळा जवळ येतो आणि भावही उतरलेले असतात. शिवाय कडक थंडीत उमललेल्या मोहोरात नर फुलांचे प्रमाण अधिक आणि फळ धरणाऱ्या संयुक्त फुलांचे कमी असते, त्यामुळे तो दिसतो तितका फळत नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने पुनर्मोहोर टाळण्यासाठी जिबरेलिक आम्लाची (वनस्पतीची वाढ नियंत्रित करणारे संजीवक) 50 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 50 भाग, तीव्रतेची फवारणी शिफारस केलेली आहे. ती पहिला मोहोर पूर्ण उमललेला असताना आणि त्यानंतर फळे मोहरीएवढी असताना करावयाची असते. आपल्याकडे नवा मोहोर दिसू लागला आहे, म्हणजे त्या फांद्यांपुरती ती वेळ टळली. ज्या कलमांवर पहिला मोहोर आत्ता उमलतो आहे तेथे ती अवश्य करावी. फळे असलेल्या फांद्यांवरील नवा मोहोर कोवळा असतानाच हाताने खुडून काढता आला तर पहिली फळे वाचण्याची शक्यता वाढते. मोठ्या कलमांवर हे सगळीकडे जमणार नाही, पण खालच्या फांद्यांवर जमेल तेवढे करावे.

शिंपडून गेलेल्या पावसाने मोहोर ओला राहिला असेल तर करपा आणि ढगाळ दिवसांत भुरी हे बुरशीचे रोग येतात, रस शोषणारे तुडतुडे हे किडेही वाढतात. मोहोराचा दांडा बोटांत धरून पाहावा. चिकटपणा लागला आणि पानांवर चकाकी दिसली तर तुडतुड्यांची संख्या वाढलेली आहे असे समजून विद्यापीठाच्या वेळापत्रकातील पुढची फवारणी लवकर घ्यावी. मोहोर पूर्ण फुललेला असताना मात्र कीटकनाशक मारू नये, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या त्याच वेळी फुलांवर असतात आणि थंडीमुळे त्यांची ये-जा आधीच कमी झालेली आहे.

झाडाखालची ओल तपासून, ती नसेल तर वाटाणा ते अंडाकृती या अवस्थेतील फळांना झाडाभोवतीच्या आळ्यात बेताने पाणी द्यावे आणि वर गवताचे आच्छादन टाकावे. कोरड्या वर्षात थंडीनंतर पारा एकदम चढतो, आणि थंडीतून वाचलेली फळे त्या उन्हात गळतात.